जपान्याचा बांध

धोंडुबाई : जुना म्हंजे लईच जुना, बाई. ह्यो बांध कुणी घातला त्ये माज्या सासऱ्याच्या आज्याला बी ठावं न्हवतं.

श्यामला : गेल्या आठवड्यात तुम्ही सासऱ्यांच्या पणज्याचं नाव घेतलं होतं, मावशी.

धोंडुबाई : मग त्येला बी ठावं न्हवतं. दोघं बी तसंच गेलं.

श्यामला : निसारभाई, खोकला झालाय का तुम्हाला?

निसार : न्हाय बाईसाहेब. माती उडाली.

श्यामला : सकाळपासून बघते आहे, मावशींनी तोंड उघडलं की माती उडते.

धोंडुबाई : त्येच्याकडं ध्यान देऊ नगंस. सरकारनं ह्येला हितला पहारेकरी केला, खाकी टोपी दिली, तवापास्नं त्येच्या नरड्यात कायतरी अडकलंय. परवा माज्या म्हशीला नोटीस दिली ह्येनं.

निसार : म्हशीला न्हाय. काकींस्नी तोंडी समज दिली, संरक्षित जागंत जनावर चारू नका म्हणून. म्हस नुसती ऐकत हुती.

धोंडुबाई : तिनं ऐकलं. म्या न्हाय.

श्यामला : बरं, म्हशीचं राहू द्या. माझी अडचण ऐका. पुरातत्त्व खात्यानं मला पुण्याहून इथं पाठवलंय ते कशाला? पश्चिमेला ती मातीची टेकडी आहे ना, तो दमदमा. जुन्या काळी वेढा घालणाऱ्यांनी तोफा उंचावर चढवायला रचलेला. त्यात जळकी माती निघाली, दोन तोफगोळे निघाले. त्याच्या वयाबद्दल वाद नाही. प्रश्न आहे त्याला येऊन भिडलेल्या ह्या पूर्वेच्या बांधाचा. साहेबांनी हद्दीचे दगड दोन्हींच्या बाहेरून रोवलेत. आता दोन्ही एकाच लढाईतले आहेत, एवढं मी अहवालात लिहायचं आहे.

धोंडुबाई : मग लिव्ह की! कोण न्हाय म्हणतंय?

श्यामला : लिहीन. पण आधी बघीन. म्हणून तर बांधाला आडवा चर मारला.

धोंडुबाई : बघायचं काय त्येच्यात? पोरगी बघाय आल्यावर बी कुणी तिचं पोट फाडून बघत न्हाय. वरनं बघत्यात, पोहे खात्यात आन् हो म्हणत्यात.

श्यामला : मला तेवढ्यावर हो म्हणता येत नाही.

धोंडुबाई : म्हणूनच लगीन ऱ्हायलंय तुजं.

निसार : काकी! सरकारी बाई हाईत त्या.

धोंडुबाई : सरकारी बाईचं लगीन करत न्हाईत व्हय रं? आन् ही कुठली परकी? मंगळवार पेठंतल्या दत्तोपंत मास्तराची लेक. कोल्लापूरचंच पाणी.

श्यामला : राहू द्या निसारभाई. घरीही हेच ऐकते, फक्त तिथं पोह्यांचं उदाहरण नसतं. मावशी, साहेबांना हा बांध फार आवडलाय, माहीत आहे? सरळ नाही, नागमोडी आहे. दर पंधरा पावलांवर वळतो. आतल्या अंगाला उभं राहायला पायरी आहे. आणि उंची सगळीकडं सारखी, चार फूट तीन इंच. साहेब म्हणाले, हे आपल्याकडच्या माणसाचं काम नव्हे, वेढ्यात कुणीतरी फिरंगी जाणकार असला पाहिजे. पुण्यात त्यांनी ह्यावर भाषण दिलं, वर्तमानपत्रात आलं.

धोंडुबाई : फिरंगी म्हंजे?

श्यामला : गोरा. सात समुद्रांपलीकडून आलेला.

धोंडुबाई : आगं बया! निसार, तुजा सायेब लई हुशार हाय की रं!

निसार : काकी, गप बसा.

धोंडुबाई : न्हाय, पर कसं वळिकलं म्हन्ते मी. नुसत्या मातीवरनं!

श्यामला : तुम्ही हसताय कशाला?

धोंडुबाई : सायबाचं कवतिक वाटलं म्हणून.

श्यामला : गडी जेवून येईपर्यंत मी दमदम्याच्या टोकाचं माप घेऊन येते. चरात कुणी उतरू नका. निसारभाई, तुम्ही लक्ष ठेवा.

निसार : जी, बाईसाहेब.

धोंडुबाई : गेली का?

निसार : गेल्या. काकी, आता तरी खरं सांगून टाका. केरबाकाकांनी आपल्या हातानं घातलेला बांध. अकरा वर्सं झाली न्हाईत आन् तुम्ही त्येला तीनशे वर्सांचा कराय निघालाय!

धोंडुबाई : तिला सांगितलंस तर तुज्या टोपीत शेण भरीन.

निसार : मी सरकारचं मीठ खातो. इचारलं तर मला खोटं बोलाय यायचं न्हाय.

धोंडुबाई : इचारलंय का कुणी तुला?

निसार : न्हाय.

धोंडुबाई : मग खोकतोस कशाला, मुडद्या?

निसार : आवो, पर तुमचंच नुकसान हाय. बांध जुना ठरला तर बांधाला टेकलेलं तुमचं म्हशीचं छप्पर उठवाय लागंल. संरक्षित जागंत छप्पर न्हाय चालत. खरं सांगितलं तर सायेब हद्दीचा दगड मागं सरकवतील, छप्पर ऱ्हाईल.

धोंडुबाई : छप्पर ऱ्हाईल. आन् बांध? जोतीराम बसलाय की टपून. सख्खा दीर माजा, पर बांध दिसला की त्येच्या पोटात दुखतंय. काल तोंडावर सांगून गेला, "वैनी, सरकारची माणसं हलली की दुसऱ्या दिशी औत घालतो, सपाट करतो, शाळू पेरतो." वाटणी झाली न्हाय, त्येचा बी हक्क हाय. म्या काय सांगू त्येला? नवऱ्याची आठवण हाय म्हणून? गाव आदीच हसतंय. सरकारचा दगड आसला तर त्येची बैलं फुडं पाय टाकायची न्हाईत.

निसार : म्हणून खोटं?

धोंडुबाई : छप्पर म्या दुसरं घालीन, निसार. हाताला अजून बळ हाय. बांध दुसरा कोण घालून देणार हाय मला? आता खोक की. आता का न्हाय खोकत?

श्यामला : निसारभाई! माप झालं माझं. जरा इकडं या चरात. येता येता ती मऊ कुंचली आणा. मघाशी वरून दिसलं नव्हतं, तळाशी काहीतरी लागलंय.

निसार : काय लागलंय?

श्यामला : धातूचं आहे. गंजलंय. अगदी मूळ जमिनीवर बसलंय आणि वर बांधाची चार फूट माती जशीच्या तशी. म्हणजे इथला बांध रचायला सुरुवात केली तेव्हाच हे इथं पडलेलं असणार. सावकाश... डबा आहे.

धोंडुबाई : तोफेचा दारूगोळा आसंल त्यात. हात लावू नगंस, पोरी.

श्यामला : पत्र्याचा डबा आहे, मावशी. मासे भरून येतात तसला.

धोंडुबाई : त्या काळी बी मासं हुतंच की.

श्यामला : बुडाला इंग्रजी अक्षरं आहेत.

धोंडुबाई : मग इंग्रजानं टाकला आसंल. त्यो कुठं बी काय बी टाकायचा.

श्यामला : खाली आकडा आहे. एकोणीसशे त्रेचाळीस.

धोंडुबाई : इंग्रज लई फुडचा इचार करायचा, बाई.

श्यामला : मावशी.

धोंडुबाई : उंदरानं वढून नेला आसंल खाली.

श्यामला : चार फूट घट्ट मातीतून? आख्खा डबा?

धोंडुबाई : मुडशिंगीचा उंदीर हाय त्यो.

श्यामला : निसारभाई, आता मी तुम्हाला विचारते. हा बांध कुणी घातला?

निसार : काकी, इचारलं बगा. आता माजा इलाज न्हाय. बाईसाहेब, ह्यो बांध केरबाकाकांनी घातला. काकींच्या मालकांनी. सन चव्वेचाळीस साली. चैतात सुरवात, मिरगाच्या आदी पुरा.

श्यामला : एकट्यानं?

निसार : पयल्यांदा एकट्यानं. मग दोघांनी.

श्यामला : थांबा. मला बसू द्या. ह्या पायरीवर बसलेलं चालेल ना? का हीसुद्धा...

धोंडुबाई : बस. त्यासाठनंच केलीया. आता कशाला लपवू. ह्या निसारनं घात केलाच हाय तर सगळं ऐक.

श्यामला : शेतात असा बांध कशासाठी घालायचा? पाण्यासाठी?

धोंडुबाई : गाव सांगंल तुला. जपानी ईमानं येणार म्हणून केरबा भ्याला आन् माळावर लढाईचा बांध घालाय लागला. जपान्या केरबा म्हणायचं त्येला. ह्येला बी जपान्याचा बांध म्हणत्यात, फकस्त तुमच्या म्होरं बोलत न्हाईत. माज्या भाकरीची शप्पत घातलीया म्या सगळ्यांस्नी.

श्यामला : आख्ख्या गावाला?

धोंडुबाई : मग! जोतीराम सोडून. त्यो माजी भाकरी खात न्हाय. पर त्यो बी तुमच्या वाऱ्याला उभा ऱ्हात न्हाय, जमीन सरकारजमा हुईल म्हणून भितोय.

श्यामला : तरीच. अख्ख्या गावात ज्याला विचारावं तो "लई जुना, लई जुना" म्हणून पळत होता. आणि केरबा खरंच जपान्यांना भ्याले होते?

धोंडुबाई : भितोय कशाचा. पर न्हाय बी म्हणायचा न्हाय. हसत्यात तर हसू देत म्हणायचा. लढाई संपली तवा तर गावभर फिरून ज्येला त्येला इचारायचा, "आलं का जपानी? न्हाय आलं न्हवं? मग!" म्हंजे जसं काय जपानच्या राजानं लांबनं आमचा बांध बगितला आन् आल्या पावली माघारी गेला.

श्यामला : मग खरं कारण काय होतं?

धोंडुबाई : त्ये निसार सांगंल. त्येनंच सुरवात केली.

निसार : काकी...

धोंडुबाई : सांग. म्या काय तुला बोल लावत न्हाय. अकरा वर्सात कवा लावला का?

निसार : काकींचा लेक आकाराम. माज्याच वयाचा, संगं खेळलेला. त्यो मराठा पलटणीत, मी सफरमैनात. पूल बांधणं, खंदक खणणं आमचं काम. बिर्माच्या आघाडीवर एकाच मुलखात हुतो. तितं त्यो गेला. मी रजेवर आलो तर केरबाकाकांनी वाटंतच गाठून इचारलं, कसा गेला? बाईसाहेब, मला खोटं सांगाय पायजे हुतं. म्या खरं सांगितलं. उघड्या माळावर सापडला, आडोसा न्हवता. काका म्हणाले, कितका आडोसा आसता तर वाचला आसता? म्या आपला हात छातीला लावून दावला. इतका आसता तरी पुरं.

श्यामला : चार फूट तीन इंच.

निसार : जी?

श्यामला : काही नाही. पुढं?

निसार : दुसऱ्या दिशी सकाळी कुदळ घिऊन काका माळावर. मी रजा संपवून गेलो तवा बी खणतच हुते.

धोंडुबाई : म्या भाकरी घिऊन यायची. इचारलं बी न्हाय, कशाला करतोस म्हणून. घरात बसला आसता तर भिंतीवर डोस्कं आपटलं आसतं त्येनं. त्या परीस माती बरी.

श्यामला : आणि तो दुसरा माणूस?

धोंडुबाई : त्योच की तुज्या सायबाचा फिरंगी!

श्यामला : म्हणजे?

धोंडुबाई : वळिवड्याला छावणी हुती न्हवं का, लढाईत घरदार गेलेल्या पोलंडच्या माणसांची? बायका, पोरं, म्हातारी-कोतारी. त्यातला एक म्हातारा. फिरत फिरत एक दिस हितं आला. घटकाभर केरबाचं खणणं बगितलं आन् कपाळावर हात मारून घेतला. कोट काढला, घडी घालून माज्या पाटीवर ठेवला आन् केरबाच्या हातनं कुदळ हिसकून घेतली. काठीनं मातीत नागमोड काढून दावली. सरळ नगं, असा घाल. केरबा म्हणाला, बरं.

श्यामला : नाव काय त्यांचं?

धोंडुबाई : त्यो छातीवर हात मारून "यान, यान" म्हणायचा. आमी जानबा केला.

श्यामला : आणि दोघं बोलायचे कसे?

धोंडुबाई : तोंडानं. ह्यो मराठीत, त्यो त्येच्या भाशेत. दोन म्हयने दिसभर वटवट. एका अक्षराचं एकमेकास्नी कळत न्हवतं आन् एकदा बी भांडण न्हाय. माजी आन् केरबाची एकच भाशा, तर आमचं रोज हुयाचं. जेवाय मात्र म्हातारा माज्याकडं. ठेचा खायाचा, डोळं पुसायचा आन् परत ठेच्यालाच हात. एकदा छावणीतनं त्यो माशाचा डबा घिऊन आला. म्या म्हटलं माज्या चुलीजवळ न्हाय आणायचा. तवा दोघांनी हितंच बसून खाल्ला आन् डबा टाकला. म्या म्हटलं हुतं लांब टाका. ऐकतंय कोण?

श्यामला : बरं झालं नाही ऐकलं.

धोंडुबाई : एक दिस त्येनं केरबाला तीन बोटं दावली. आन् एकेक करून मिटली. केरबानं एक बोट दावलं, आन् मिटलं. त्या दिशी दुपारपातुर कुणी कुदळीला हात लावला न्हाय.

निसार : ह्ये मला ठावं न्हवतं, काकी.

धोंडुबाई : तू कुठं हुतास? बांध झाला, पाऊस पडला, पेरण्या झाल्या. लढाई संपली त्या दिवाळीत तापानं केरबा गेला. म्हातारा मातीला आलता. टोपी हातात धरून लांब उभा. छावणी उठली तवा त्यो बी गेला. कुठं गेला, देव जाणे.

श्यामला : मावशी, हे सगळं तुम्ही पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?

धोंडुबाई : सांगून काय, जोतीरामाला औत जोडून देऊ? सरकार तीनशे वर्सांचा बांध राखतंय. अकरा वर्सांचा राखतंय का? आता तू हो म्हण, लेकी. डबा मला दे. म्या त्यात वाती ठेवीन. तू लिव्ह जुना हाय म्हणून. तुजा सायेब खूश, म्या खूश, जोतीराम गप.

श्यामला : मला नाही तसं लिहिता येणार.

धोंडुबाई : का? कोण बगाय येतंय?

श्यामला : कुणी बघायला येत नाही म्हणूनच. आज खोटं लिहिलं की पुढची शंभर वर्षं तेच खरं.

धोंडुबाई : मग जा! घे तुजा डबा, घे तुजा ब्रश आन् जा. मास्तराची लेक म्हणून म्या ताक पाजलं, कांदा-भाकरी घातली आन् तू एका वळीसाठी माज्या मालकाचा बांध मोडाय निघालीस!

निसार : काकी, जरा...

धोंडुबाई : तू तर बोलूच नगंस!

श्यामला : मावशी, रागवा, पण एक ऐका. मी खोटं लिहिलं तर काय होईल? हा बांध कुण्या सरदारानं बांधवला, कुण्या फिरंग्यानं आखला असं छापून येईल. लोक येऊन वाहवा करतील. कुणाची? ज्यानं एक पाटी माती उचलली नाही त्याची. बांध राहील, पण केरबांचा राहणार नाही. चालेल तुम्हाला?

धोंडुबाई : ...सरदारानं?

श्यामला : हो.

धोंडुबाई : त्येचा काय संबंद?

श्यामला : तेच म्हणते मी.

धोंडुबाई : हाताला फोड केरबाच्या आलतं. म्या हळद लावायची. आन् नाव सरदाराचं? म्हंजे खरं सांगितलं तर बांध जातोय आन् खोटं सांगितलं तर केरबा जातोय. ह्ये तुजं खातं हाय का चक्की गं?

निसार : बाईसाहेब, मी एक बोलू?

श्यामला : बोला.

निसार : पहारेकरी म्हणून न्हाय, सफरमैनाचा गडी म्हणून बोलतो. हिकडं चराच्या भिंतीला बगा. दमदम्याच्या अंगाला. ही माती बांधाची न्हाय. ही वरनं वाहून आलीया. बारीक गाळ, वर वाळूची रेघ. परत गाळ, परत रेघ.

श्यामला : थर आहेत. हो... मी सकाळी ह्यांची नोंद घेतली, पण तेव्हा डोक्यात फिरंगी होता. मोजा बरं. एक, दोन, तीन...

निसार : अकरा.

श्यामला : अकरा पावसाळे.

निसार : हितनं पाणी खाली वड्याला जातंय. आमी ल्हान हुतो तवा दर पावसाळ्यात दमदम्याची ही बाजू ढासळायची. माती वड्यात. बांध आल्यापास्नं पाणी हितं अडतंय, गाळ बसतोय आन् पाणी त्या खालच्या मोरीतनं सावकाश जातंय. मोरी म्हाताऱ्यानं दगडाची केलीया, बगा. खंदकात पाणी तुंबू नये म्हणून करत्यात, आमाला बी शिकवली हुती. बांध काढला तर चार पावसाळ्यांत निम्मा दमदमा वड्यात जाईल.

श्यामला : निसारभाई, तुम्ही हे आधी का नाही बोललात?

निसार : मला म्हशीवर ध्यान ठेवाय सांगितलं हुतं, बाईसाहेब.

धोंडुबाई : काय म्हणतोय त्यो? मला समजंल असं बोला कुणीतरी.

श्यामला : मावशी, केरबांचा बांध जुना नाही. पण जुन्याला तोच धरून उभा आहे. तो काढला तर दमदमा जाईल. दमदमा राखायचा असेल तर सरकारला बांध राखावाच लागेल. आणि ह्यातलं एक अक्षर खोटं नाही.

धोंडुबाई : म्हंजे अकरा वर्सं माजा दादला सरकारच्या दमदम्याला टेकू लावून बसलाय?

श्यामला : असंच.

धोंडुबाई : आन् ह्यो निसार त्येच्याच म्हशीला नोटीस देतोय!

श्यामला : पण मी लिहिते म्हणजे साहेब मानतीलच असं नाही. त्यांचं भाषण झालंय. फिरंगी एकदम तीनशे वर्षं पुढं सरकलेला त्यांना आवडणार नाही. आणि छप्पर मात्र तुम्हाला हलवावं लागेल, ते बांधाच्या मुळाशीच आहे.

धोंडुबाई : छपराचं मगाशीच झालंय आमचं बोलणं. तू लिव्ह.

(सव्वा महिन्यानंतर. तोच माळ.)

धोंडुबाई : आलीस व्हय! बस. निसार म्हणाला कागूद आलाय पुण्यासनं. गेला आठवडाभर त्यो माज्याशी सरकारी बोलतोय. "कळवण्यात येईल", "कळवण्यात येईल".

निसार : मला हुकूमच तसा हुता. बाईसाहेब सोताच येऊन सांगणार म्हणून.

श्यामला : मंजूर झालं, मावशी. हद्दीचे दगड आहेत तिथंच राहतील. दमदमा आणि बांध, दोन्हींना हात लावायचा नाही. दुरुस्तीला खात्यानं दोन गडी मंजूर केलेत. चर मी उद्याच भरून घेते, पावसाच्या आत.

धोंडुबाई : आन् सायेब?

श्यामला : साहेब तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या उत्खननाच्या यादीतून माझं नाव काढलं. सध्या मी कचेरीत बसून खापरांवर आकडे घालते.

धोंडुबाई : आगं आई गं. माज्या पायी?

श्यामला : माझ्याच पायी. पण परवा टेबलाजवळ येऊन उभे राहिले. अहवाल हातात. म्हणाले, "ती मोरी खरंच दगडाची आहे?" म्हटलं, हो. म्हणाले, "पावसाळ्यात बघायला येईन." एवढंच बोलून गेले.

धोंडुबाई : येऊ दे. ठेचा घालीन.

श्यामला : आणि तुमचे दीर?

निसार : त्यांस्नी म्या कागूद वाचून दावला. म्हणाले, "सरकारला राखाय दुसरं कायच गावलं न्हाय व्हय?" मग लई येळ बांधाकडं बगत बसले. दुसऱ्या दिशी बैलं घिऊन आले. मला वाटलं आता हाणामारी. तर छपराचं वासं सोडवले आन् स्वताच वढून नेऊन तिकडं विहिरीपाशी रोवून दिले.

धोंडुबाई : शिव्या देत देत. एक वासा, चार शिव्या. जाताना म्हणाला, "थोरला आमच्यापरीस शाना निघाला." म्या म्हटलं, त्ये त्येच्या तोंडावर सांगाय पायजे हुतंस. दोन तांबं पाणी प्याला आन् गेला.

श्यामला : अहवालाची नक्कल आणलीय मी. त्यात तुमच्यासाठी एक ओळ आहे. वाचू?

धोंडुबाई : वाच. न्हाय, थांब. पयल्यांदा कुठं हाय त्ये दाव. बोट ठिव.

श्यामला : हे इथं. "पूर्वेचा बांध सन १९४४ मध्ये केरबा, राहणार गडमुडशिंगी, आणि यान, राहणार पोलंड, आडनाव मिळाले नाही, ह्या दोघांनी स्वतःच्या हातांनी बांधला. बांधणी उत्तम."

धोंडुबाई : बांधणी उत्तम?

श्यामला : तो शब्द मी घातला नव्हता. साहेबांनी नंतर हातानं लिहिलाय.

धोंडुबाई : ह्यो कागूद कुठं ऱ्हातोय?

श्यामला : एक प्रत पुण्याला. दुसरी दिल्लीला गेली. तिथं सगळ्या देशातल्या जुन्या जागांचे कागद ठेवतात.

धोंडुबाई : दिल्लीला? आगं, जन्मात निपाणीच्या म्होरं गेला न्हाय त्यो गडी. गाडीत बसला की त्येला मळमळायचं. दिल्लीला एकलाच?

श्यामला : नाही, मावशी. दोघं एकाच ओळीत आहेत.

धोंडुबाई : मग जाऊ दे.